गाडीचे कल्ले

आमच्या गल्लीत सगळे त्यांना कल्लेमास्तर म्हणतात. नाव पडलं ते केस कापण्याच्या दुकानात, आणि टिकलं ते गाड्यांमुळे. बावीस वर्षं ते थोरल्या भावाच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे उभे होते. पहिली खुर्ची अर्थातच थोरल्याची. केस कोणीही कापले तरी चालतील, पण कल्ले दोन्ही बाजूंना सारखे हवे असतील तर दुसऱ्या खुर्चीसाठी थांबायचं, हे गिऱ्हाइकांना पाठ होतं. माझे यजमान तर पहिली खुर्ची रिकामी दिसली की वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. थोरल्याला ‘या साहेब’ म्हणायची संधीच मिळू नये, म्हणून.

पुढे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा मास्तर दर गुरुवारी घरी येऊन त्यांची दाढी करून जात. शेवटच्या गुरुवारीही त्यांनी दोन्ही कल्ले बोटाने मापून सारखे केले. माझ्या डायरीत त्या दिवशी एवढीच नोंद आहे.

त्यानंतर वर्षभराने मास्तरांचा उजवा खांदा धरला. केस कापणाऱ्याचा हात दिवसभर हवेत असतो. बावीस वर्षांनी खांद्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी बजावलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. थोरला म्हणाला, “काही बिघडत नाही. बस एका जागी. टॉवेलांच्या घड्या घाल, दाढीचा फेस कर, आणि मी बोलतो त्याला मान डोलव.”

मास्तरांनी आठ दिवस घड्या घातल्या. नवव्या दिवशी ते माझ्या दारात येऊन पायरीवर बसले.

“काकू, दादा माझी घडी उलगडून बघतो,” ते म्हणाले, “आणि परत माझ्या अंगावर टाकतो. म्हणतो, कोपऱ्याला कोपरा जुळला नाही. गिऱ्हाइकांसमोर! पन्नाशीला टेकलो मी. माझ्या हाताखालून किती माणसं नवरदेव होऊन गेली, आणि मी आता कोपरे जुळवत बसू?”

मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा मास्तर पायरीवर नव्हते. ते पोर्चमध्ये यजमानांच्या गाडीसमोर उकिडवे बसले होते आणि एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसे बंपरकडे बघत होते.

“रागावू नका काकू,” ते म्हणाले. “गाडी अजून तरुण आहे. पण कल्ले पिकलेत हो तिचे.”

गाडी चंदेरी रंगाची, बारा वर्षांची. पत्रा अजून चकचकीत होता. पण बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या आडव्या पट्ट्या, वायपरखालची जाळी असं जे जे काळं प्लॅस्टिक होतं, ते सगळं उन्हाने राखाडी पडलं होतं. त्यात भर यजमानांची. ते दर रविवारी गाडीला मनापासून पॉलिश करायचे, पण पत्र्याची कड आली की त्यांना थांबता येत नसे. पॉलिश शेजारच्या काळ्या प्लॅस्टिकवर जायचं, त्याच्या खरखरीत दाण्यांत वाळायचं आणि पांढरे फराटे उठायचे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर वहीच्या समासावर बोट ठेवून अक्षर बाहेर गेलंय का ते बघायच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाईला हे फराटे दर आठवड्याला बघावे लागत. मी बोलायचे. यजमान म्हणायचे, “पुढच्या रविवारी काढतो.”

मास्तरांनी एका कमानीवरून अंगठा फिरवला, मग स्वतःशीच म्हणाले, “आणि हे सगळं खांद्याच्या खालीच आहे.”

त्यांचा नवा धंदा सुरू झाला तो या वाक्यावर. पण मुहूर्त काही बरा लागला नाही.

पिकलेल्या गोष्टीवर मास्तरांकडे बावीस वर्षं एकच उपाय होता: कलप. मला ते कळलं तेव्हा वाटी-ब्रश घेऊन ते दाराशी बसलेही होते. “घाबरू नका,” ते म्हणाले. “आधी कानामागे लावून बघतो ना, तसं आरशामागे लावून बघितलंय. अंगावर उठलं नाही.” चालकाच्या बाजूची पट्टी त्यांनी अशी काही काळी केली की मला गाडी विकत घेतली तो दिवस आठवला. काम झाल्यावर त्यांनी मला पुढे उभं केलं, स्वतः मागे जाऊन हातातला गोल आरसा धरला आणि सवयीने विचारलं, “मागून ठीक आहे?” पट्टी एका बाजूलाच होती. मागून दिसण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी मान डोलवली. त्या आरशासमोर माणूस दुसरं काही करूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. तिथल्या माळ्याच्या हातातला पाइप निसटला आणि पाणी गाडीवर उडालं. मी पुस्तकं बदलून बाहेर येते तो चंदेरी दारावरून काळे ओघळ थेट खालपर्यंत. ग्रंथपालबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “काकू, तुमची गाडी रडतेय.”

मास्तर धावत आले. ओघळ पुसताना त्यांचा चेहरा त्या पट्टीपेक्षा जास्त उतरला होता.

“दादाला सांगू नका.”

“मी कशाला सांगू? पण डायरीत लिहिलंय.”

“दादा वाचतो का तुमची डायरी?”

“कोणीच वाचत नाही.”

“मग लिहा,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण कलप म्हणू नका. नुसतं ‘औषध’ लिहा.”

मी कलप असंच लिहिलं. खोटं लिहायचं तर डायरी कशाला ठेवायची?

मग मात्र मास्तर शिकले. गाडी रंगवणाऱ्यांकडे जाऊन बसले, सुट्या भागांच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं, गॅरेजमधून एक मोडका बंपर उचलून आणला आणि घरच्या मोरीत त्याच्यावर सराव केला. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, “पंधरा दिवस आम्ही चौघं आंघोळीला रांगेत, काकू. मी, दोन मुली आणि बंपर. आणि पहिला नंबर बंपरचा.”

एका महिन्याने त्यांनी माझ्या गाडीला पुन्हा हात लावला. मी खुर्ची टाकून समोर बसले आणि लिहून घेतलं. आधी साधा शाम्पूचा फेस, आणि दाण्यांत शिरेल असा मऊ ब्रश. मग पाण्यात पातळ केलेलं तेलकटपणा काढायचं औषध, तेही एका वेळी एका पट्टीवर, आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं. पॉलिशच्या फराट्यांना जुना टूथब्रश. त्यानेही न गेले तर शाळेतला साधा खोडरबर. हो, खोडरबर! मास्तर एका कमानीवर खोडत बसले होते तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघत. एकाने विचारलं, “काय मास्तर, स्पेलिंग चुकलं का गाडीचं?”

मग वाळवण. दाण्यांत पाणी राहिलं तर कोटिंग, म्हणजे काळेपणा परत आणणारा वरचा पातळ थर, धरत नाही, म्हणून मास्तर केस वाळवायचं यंत्र घेऊन बसायचे, तेही अंतर राखून; कानाला चटका बसू नये असं. मग शेजारच्या पत्र्याच्या कडेला चिकटपट्टी, इतकी सरळ की सिस्टरांनी पाठ थोपटली असती. मग कापडात गुंडाळलेल्या स्पंजवर कोटिंगचे चारच थेंब, पातळ हात, आणि दोन-तीन मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून काढायचं.

“लावता येतं सगळ्यांना,” मास्तर म्हणाले. “पुसायला जिवावर येतं. जास्तीचं राहिलं की ते चिकट होतं, धूळ धरतं, ओघळतं. डोक्याला तेल चोपडून येणाऱ्या माणसासारखं.”

हे सगळं करताना ते बोलायचे. माझ्याशी नाही, बंपरशी. माणसाच्या डोक्याशी गप्पा मारत बावीस वर्षं गेलेली; गप्प बसून त्यांचा हातच चालत नसे. “हं, जरा इकडे वळा,” असंही म्हणायचे, आणि बंपर वळत नाही म्हणून स्वतः सरकायचे.

आता या गोष्टीतली तिसरी व्यक्ती. आमच्याकडे ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणतात. वयाच्या साठाव्या वर्षी मला गाडी त्यांनीच शिकवली. तीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय आता स्वतंत्र झाला आहे. चहाला आल्या आणि कोणी पटकन काही बोललं, तरी तो जमिनीवर दाबला जातो. त्यांच्या सहा गाड्या. माझी गाडी बघून त्या थांबल्या, दोन फेऱ्या मारल्या.

“ताई, हे कोणी केलं?”

मी मास्तरांना पुढे केलं.

“असे चारजण येऊन गेले माझ्याकडे,” ब्रेकबाई त्यांना म्हणाल्या. “तेल फासतात आणि जातात. चार दिवस चमक, मग धूळ. माझ्या गाड्यांना आधीच भिंती चिकटतात, त्यात धूळ कशाला चिकटवू?”

“माझं तीन महिने हलणार नाही, मॅडम.”

“बोलायला काय जातंय?” त्यांचा पाय दाबला गेला. “असं करा. मागच्या बंपरचा एक कोपरा अजून राहिलाय ना? तो तसाच ठेवा. आधी काय होतं ते समोर दिसू दे. ताईंची गाडी तीन महिने उन्हात उभी करा, दर आठवड्याला धुवा, पण परत काही लावायचं नाही. मग मी येऊन पांढऱ्या रुमालाने पुसून बघेन. रुमाल पांढरा राहिला तर माझ्या सहाही गाड्या कायमच्या तुमच्याकडे.”

तो कोपरा डावीकडचा, वीतभर. राखाडी, आणि त्यावर यजमानांचे तीन-चार फराटे. मास्तरांनी त्याच्या कडेला चिकटपट्टी लावून सीमा अशी आखली की एका बाजूला काळंभोर, दुसऱ्या बाजूला म्हातारपण.

रुमालाची बातमी थोरल्यापर्यंत पोचायला दोन दाढ्या पुरल्या. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून धाकट्याला म्हणाला, “ठीक आहे. तीन महिने म्हणजे तीन महिने. रुमाल काळा झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टॉवेल. मुकाट्याने. ॲप्रन खुंटीवरच आहे तुझा.”

“आणि पांढरा राहिला तर?”

“तर काय, तर मी मिशी काढीन,” थोरला म्हणाला. त्याला मिशी नव्हती.

मास्तरांनी मान डोलवली. घरी बायकोलाही सांगून टाकलं की, हे जमलं नाही तर परत दादासमोर बसून कोपरे जुळवायचे. त्या आठवड्यापासून ते थोडे वाळलेच.

थोरल्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. धाकटा गेल्यावर दुसऱ्या खुर्चीवर त्याने कोणालाच ठेवलं नाही. गिऱ्हाइकं खोळंबायची, पण खुर्ची रिकामी. मागच्या खुंटीवरचा ॲप्रन दर आठवड्याला धुऊन परत तिथेच. विचारलं तर म्हणायचा, “धूळ बसते.” रोज सकाळी दूध आणायला तो माझ्या फाटकावरून जायचा. गाडीकडे बघायचा नाही. म्हणजे आपण बघत असताना बघायचा नाही. दोघं भाऊ त्या तीन महिन्यांत गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. धाकट्याला टोमण्यांची भीती, थोरल्याला आपली काळजी उघडी पडायची.

बारा आठवडे गेले. मी दर शनिवारी नोंद केली: किती दिवस कडक ऊन, किती वेळा पाणी, कोणत्या कावळ्याने काय केलं. प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहून घरंगळत. काळा रंग तसूभरही उतरला नव्हता. मास्तर येऊन बघून जात आणि जाताना म्हणत, “कोपरा तसाच राहू दे हं काकू.”

परीक्षेच्या दिवशी ब्रेकबाई बरोबर अकराला आल्या. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मी डायरी घेऊन. आणि फाटकाशी, कोणी न बोलावता, थोरला, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून.

मी चष्मा लावला. “पहिला आठवडा. ऊन पाच दिवस...”

“ताई, वही ठेवा,” ब्रेकबाई म्हणाल्या. “मी हाताने बघते. तो जुना कोपरा कुठाय?”

मास्तर त्यांना मागे घेऊन गेले, वाकले, आणि तसेच राहिले.

कोपरा नव्हता. म्हणजे बंपर होता, पण राखाडी काही नव्हतं, फराटे नव्हते, सीमा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं काळं.

“इथे... इथेच होता,” मास्तर म्हणाले.

ब्रेकबाईंचा पाय करकचून दाबला गेला. “अच्छा. म्हणजे कालच येऊन सगळी गाडी नव्याने काळी केलीत. आणि घाईघाईत नमुनाही रंगवून टाकलात. मला वाटलंच होतं.”

“मॅडम, आईशपथ...”

त्यांनी पर्समधून पांढराशुभ्र रुमाल काढला, त्या कोपऱ्यावर एकदा फिरवला आणि आमच्यासमोर धरला. रुमालावर काळाकुट्ट पट्टा. मास्तरांचा खांदा जसा काही त्याच क्षणी पुन्हा धरला. मला टॉवेलांची चळत डोळ्यांसमोर दिसली.

“येते ताई,” ब्रेकबाई म्हणाल्या आणि वळल्या.

“एक मिनिट मॅडम. रुमाल द्या.” मास्तरांनी रुमाल नाकाशी नेला. डोळे मिटले. परत हुंगला. बावीस वर्षं ज्या वासात काढली तो वास माणूस झोपेतही ओळखतो.

“हा कलप आहे,” ते म्हणाले. “आमच्या दुकानातला. डाव्या फळीवरची बाटली.” मग सावकाश फाटकाकडे वळून, “दादा, हात काढ खिशातून.”

“थंडी वाजतेय,” थोरला म्हणाला.

“अकरा वाजता? उन्हात?”

“मला वाजते.”

“दादा!”

थोरल्याने हात काढले. उजव्या हाताची चार बोटं पेरांपर्यंत काळी.

“मला वाटलं राहून गेलं!” थोरला एकदम ओरडला. “आज सकाळी दुधाला जाताना पहिल्यांदा आत येऊन मागून बघितलं, सगळे कल्ले काळे आणि मागे वीतभर पांढरं. म्हटलं, हा गाढव नेमकं मागचंच विसरला. मानेमागचे केस राहून जावेत तसं! अकराला बाई येणार, तू झोपलेला. म्हटलं, आपणच उरकून टाकावं, कशाला त्याची शोभा?”

“नमुना होता तो!”

“मग सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कधी?”

“तू सांगितलंस कधी?”

“आणि कलप, दादा? प्लॅस्टिकला? पाणी लागलं की ओघळतो, एवढं कळत नाही? जगात दुसरा कोणी माणूस प्लॅस्टिकला कलप...”

मी खोकले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

“काय झालं?” ब्रेकबाईंनी विचारलं.

“ताईंना... काकूंना खोकला झालाय,” मास्तर घाईने म्हणाले.

पण आता लपवून त्यांचं नुकसानच होतं. कलप कसा वागतो आणि त्यांचं कोटिंग कसं, हे मला दोन्ही माहीत होतं, तारखांसकट. मी डायरी चार महिने मागे उलटली आणि वाचलं: “‘शनिवार. मास्तरांनी काल दाराच्या पट्टीला कलप लावला होता. ग्रंथालयात पाणी उडून दारावर ओघळ. पुसल्यावर खाली पट्टी जशीच्या तशी राखाडी. मास्तर म्हणाले, दादाला सांगू नका.’”

थोरल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. “म्हणजे तूही?”

“एकदाच,” मास्तर पायाकडे बघत म्हणाले.

“मग मला आधी सांगितलं असतंस तर माझी बोटं वाचली असती!”

ब्रेकबाई हसल्या नाहीत. त्या परत गाडीपाशी गेल्या. रुमालाची घडी उलटली, स्वच्छ बाजू वर घेतली आणि पुढच्या बंपरवरून फिरवली. मग चारही कमानींवरून, दारांच्या पट्ट्यांवरून, आरशांखालून, वायपरच्या जाळीवरून. गाडीला पूर्ण फेरी. आम्ही तिघंही त्यांच्या मागून, देवळात जावं तसे एका रांगेत. शेवटी त्यांनी रुमाल उन्हात धरला. थोडी धूळ होती. काळं काहीच नव्हतं.

मग बादलीत एक फडकं बुडवून त्यांनी तो मागचा कोपरा स्वतः पुसला. कलप निघून आला. खाली राखाडी प्लॅस्टिक, सीमारेषा, आणि यजमानांचे फराटे, जसेच्या तसे.

“उद्या पहिली गाडी पाठवते,” ब्रेकबाई म्हणाल्या. “सहाही तुमच्या. पण एक अट. हे तुमचे दादा माझ्या गाडीच्या दहा फुटांत येता कामा नयेत.”

“मी कशाला येतोय?” थोरला म्हणाला, आणि हात परत खिशात घातले.

त्या गेल्यावर मास्तर तिथेच फरशीवर बसले. बंपरची दोन्ही टोकं बोटाने मापून बघितली. मग उठून म्हणाले, “काकू, आता हा कोपराही करून टाकू? दहा मिनिटांचं काम.”

मी त्या फराट्यांकडे बघितलं. पुढच्या रविवारी काढतो.

“राहू दे,” मी म्हटलं. “नमुना आहे.”

प्लॅस्टिकला न चढणारा कलप थोरल्याच्या बोटांवर मात्र पंधरा दिवस टिकला. प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, आणि तो प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचा.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ब्रेकबाईंची पहिली गाडी माझ्या फाटकाशी उभी राहिली. मास्तर स्टूल घेऊन बसले होते तेवढ्यात थोरला आला. दहा फूट अंतर मोजून थांबला. बगलेत खुंटीवरचा पांढरा ॲप्रन होता आणि हातात जुन्या टॉवेलांची चळत.

“हे घे,” तो म्हणाला. “दुकानात पडून होते. चाकं पुसायला होतील. घड्या घालूनच आणल्यात.”

मास्तरांनी ॲप्रन अंगात घातला. मग वरचा टॉवेल उचलला, उलगडला, उन्हाकडे धरून नीट बघितला, आणि परत थोरल्याच्या अंगावर टाकला.

“कोपऱ्याला कोपरा जुळला नाही,” ते म्हणाले.

थोरल्याने तो टॉवेल झेलला, माझ्या पायरीवर बसला, आणि मुकाट्याने परत घडी घालू लागला.